शटरखालची फट

कागदावर छापलेल्या दाराची मूठ धरायला माझा हात पुढे गेला, आणि ते नेमकं सल्लागार बाईंनी पाहिलं. माझी बोटं गुळगुळीत स्टिकरवरून घसरली, मागचं शटर थोडं खडखडलं, आणि बाई टाळी वाजवायचीच काय ती बाकी ठेवून म्हणाल्या, "बघा, तुम्हीसुद्धा फसलात. म्हणजे समिती फसणारच." हे त्या कौतुकाने म्हणाल्या. या बाईंना आपण काय बोललो ते कधीच कळत नाही, आणि बहुधा तेवढ्याचसाठी त्यांना सगळीकडून बोलावणी येतात. मी हसलो. पंचवीस वर्षं नगरसेवक राहिलेल्या माणसाचा चेहरा त्याला न विचारताच हसतो. हात मात्र खिशात घातला, आणि तो तिथेही मूठ वळल्यासारखाच राहिला. स्टिकरवर फुलांचं दुकान होतं. काचेचं दार, पितळी मूठ, बादल्यांमधून पिवळी फुलं, आणि काउंटरमागे एक हसरी मुलगी, जी खऱ्या गल्लीत दोन दिवस टिकली नसती. त्या स्टिकरमागे शटर होतं आणि शटरमागे माझ्या थोरल्या भावाचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, जे त्याच्याआधी आमच्या बाबांचं होतं. दार याच जागी असतं, शटरच्या आत, डाव्या हाताला. त्याची मूठ मी हजारो वेळा धरली आहे. माझा हात काही फुलांसाठी पुढे गेला नव्हता.

हे सगळं नीट सांगतो, कारण मला भाषणांची सवय आहे आणि भाषणात मी आजवर काही नीट सांगितलेलं नाही. या गल्लीत पन्नास दुकानं आहेत. निम्म्याहून जास्त दुकानं बंद असली तर सरकारच्या लेखी गल्ली मेलेली ठरते, आणि मेलेल्या गल्लीचं पुनरुज्जीवन करता येतं. जिवंत गल्लीचं करता येत नाही. तिला नुसती खडी आणि डांबर मिळतं. पुनरुज्जीवन म्हणजे हे सगळं पाडून इथे काचेची एक लांबलचक इमारत उभी करायची, खाली दुकानं, वर कचेऱ्या, मध्ये झाडांच्या कुंड्या. त्यासाठी वरून समिती येऊन गल्ली बघून जाते. ती आज तीनला येणार होती. आणि सल्लागार बाईंच्या डोक्यातून निघालं की बंद शटरं बघून समितीचं मन खट्टू होतं, म्हणून प्रत्येक बंद शटरवर उद्याच्या दुकानाचं चित्र चिकटवायचं. मेलेल्याचं मेलेपण पटवून द्यायला त्याच्या तोंडाला पावडर लावायची, अशी ही विद्या. त्यांच्याकडे नऊच चित्रं होती. त्यामुळे गल्लीत आता चार बेकऱ्या झाल्या होत्या, चारही ठिकाणी तोच पाव त्याच फळीवर, आणि चारही ठिकाणी त्याच एका माणसाच्या नाकाला पीठ. मी हे बाईंना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या की सातत्य दिसायला बरं असतं. यावर मी मान डोलावली. माझी मान कुठल्याही गोष्टीवर डोलते, ती आता फारशी माझी राहिलेलीच नाही.

गल्लीत खरोखर बंद पडलेली दुकानं एकोणीस. अहवालात एकतीस. मधली बारा कुठून आली ते मला माहीत आहे, कारण ती आली तेव्हा मी तिथेच उभा होतो. गेल्या वर्षी सर्वेक्षणाला दोन माणसं आली. अकराला कचेरीत पोचली, ओळखपाळख झाली, चहा झाला, नकाशा पसरला, नकाशावरून वाद झाला, मग जेवण झालं, आणि पोटं भरल्यावर दोनच्या सुमारास ती गल्लीत उतरली. या गल्लीत दीड ते चार जुनी दुकानं झोपतात. माझ्या जन्माआधीपासून झोपतात. मालक जेवून आडवे होतात, शटर खाली असतं, चारच्या ठोक्याला वर जातं. त्या दोघांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. ज्या भागात ती राहतात तिथे दुकानं झोपत नाहीत, फक्त माणसं झोपेअभावी मरतात. त्यांनी शटर खाली दिसलं की हातातल्या टॅबवर बोट दाबलं, बंद. परत एकदा चारनंतर येऊन बघावं असं त्यांच्या मनात आलं नाही, कारण चारनंतर त्यांना परतीची गाडी होती. दादाच्या दुकानापाशी मात्र त्यातला एक थबकला. वरची पाटी नीट रंगवलेली होती, पायरी धुतलेली होती. त्याने मला विचारलं, हे चालू आहे का हो? मी म्हणालो, "बघा ना, बंदच आहे." त्याने बोट दाबलं.

हे वाक्य मी नंतर पुष्कळ वेळा उलटसुलट करून पाहिलं आहे आणि त्यात खोटं सापडत नाही. बंदच होतं. दोन वाजले होते. माझी सगळी कारकीर्द अशा वाक्यांवर उभी आहे, ज्यांना कुठूनही धरलं तरी ती हातात सुटी येत नाहीत. रस्त्याचं काम सुरू आहे. पाण्याचा प्रश्न विचाराधीन आहे. बघा ना, बंदच आहे. पण त्या दिवशी शटर पूर्ण बंद नव्हतं, हे त्या दोघांना दिसलं नाही आणि मला दिसलं. जमिनीपासून वीतभर फट होती. आमच्या दुकानाला ती कायम असते, वारा यावा म्हणून. बाबा जेवण झाल्यावर शटर खाली ओढायचे आणि शेवटची वीत सोडायचे. मग आत एकदम अंधार, आणि जमिनीलगत उजेडाची एक लांब पट्टी. आम्ही दोघं भाऊ फरशीवर पोटावर झोपायचो, मशीनच्या तेलाच्या वासात, गालाखाली थंड फरशी, आणि फटीतून जाणारे पाय बघायचो. ते आमचं खेळणं होतं. बूट दिसले की माणूस ओळखायचा. पोस्टमन सोपा होता, शिक्षिका सोप्या होत्या, कसायाच्या बुटांवर डाग असायचे. अवघड पाय आले की दादा जिंकायचा. तो बूट बघायचाच नाही. पाय कसा पडतो ते बघायचा. एकदा मी बाहेर जाऊन बाबांचे बूट घालून फटीसमोरून चाललो, मोठ्या माणसासारखा सावकाश. आतून दादा म्हणाला, उजवी टाच घासते, आत ये. मला तेव्हा इतका राग आला होता की मी दिवसभर त्याच्याशी बोललो नाही. कुणी बाहेरून शटर वाजवलं की बाबा डोळे न उघडता म्हणायचे, चारला या. तेवढंच. आणि लोक चारला यायचे.

बाकीच्या अकरा जणांना मी सकाळीच फोन केले होते. समिती येतेय, स्टिकर लावू द्या, आज शटर चारऐवजी पाचला उघडा, बाकी मी सांभाळून घेतो. अकराही जण बरं म्हणाले. इतकं सोपं नसावं. एकाने तरी विचारायला हवं होतं की मी झोपलेला असताना माझं दुकान मेलं कसं. पण त्यांना वाटतं, नव्या इमारतीत आपल्याला गाळा मिळेल आणि आपल्या गल्लीतला माणूस तिथे बसलाय तो बघून घेईल. योजनेच्या कागदात सतराव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं आहे, बंद नोंदलेल्या दुकानाला नव्या इमारतीत जागा नाही. ते पान मी वाचलं आहे. मी सोडून कुणी वाचलं नसेल, असं मी धरून चाललो होतो. मला त्या अकरा जणांची कीव यायला हवी, पण येतो तो राग. माणसाने एवढा विश्वास टाकला की दुसऱ्याला चांगलं वागायची सक्ती होते, आणि ती सक्ती कोण कशाला सोसेल. शिवाय खरं सांगायचं तर ही गल्ली मला कधीच आवडली नाही. सगळे एकमेकांना ओळखतात, सगळ्यांना सगळ्यांची दुखणी माहीत, कुणाच्या घरी काय शिजलं ते पण माहीत. जिथे कुणी कुणाला ओळखत नाही अशा काचेच्या इमारतीचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. एवढं एक मी कुठल्याच भाषणात कबूल केलेलं नाही.

दादाला फोन केला नव्हता. तो फोन दुकानात ठेवत नाही हे कारण मी स्वतःला दिलं. समितीची गाडी उशिरा निघाल्याचा निरोप आला तेव्हा अडीच वाजले होते, आणि तीन ते पावणेचारची वेळ मी मुद्दाम बसवली होती. आता ती मंडळी चारच्या आसपास गल्लीत असणार. एकाच दुकानाचं शटर त्यांच्यादेखत वर गेलं, फुलांचं दुकान गुंडाळत गेलं आणि आतून तेलकट हातांचा माणूस बाहेर आला, की संपलं. सर्वेक्षण पुन्हा होणार, या वेळी सकाळी होणार, आणि योजना शेजारच्या वॉर्डात जाणार, जिथला नगरसेवक माझ्या वाईटावर टपूनच आहे. मी मागच्या बोळातून गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मिट्ट काळोख. दीडला शटर खाली आल्यावर स्टिकर लावणाऱ्यांनी पायाने ते जमिनीपर्यंत दाबून कागद पायरीवर चिकटवला होता. उजेडाची ती पट्टी नव्हती. मी या खोलीत इतका अंधार कधी पाहिला नव्हता. तेलाचा वास तोच होता.

"मागच्या दाराने आलास," दादा म्हणाला. तो खाली फरशीवरच होता, जागा. वहिनी घरून जेवणाचा डबा पाठवते, तो उशाशी होता. सत्तरीला आलेला माणूस अजून फरशीवर झोपतो, आणि वर ते चांगलं असतं म्हणून सांगतो. मी उभ्या उभ्याच सांगितलं की आज चारला उघडू नकोस, पाचला उघड, समिती येतेय. त्याने विचारलं नाही कसली समिती. म्हणाला की स्टिकर लावणारे शटरला टेकून सगळं बोलत होते, बाहेरच्यांना वाटतं आत कुणी नाही. मग डबा बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं, ऐकेल. त्याने माझं सगळंच ऐकलं आहे. शिकायचं मी म्हणालो तेव्हा त्याने शाळा सोडून हे दुकान धरलं. पहिल्या निवडणुकीत त्याने घरोघर जाऊन माझी पत्रकं वाटली, आणि प्रत्येक दारात आधी त्या घरचं मशीन कसं चालतंय ते विचारलं, म्हणून लोकांनी मला मतं दिली. ती मतं माझी नव्हती, शटलची आणि बॉबिनची होती. हे आठवलं की मला त्याचा तिटकारा येतो. त्याने कधी एकदाही बोलून दाखवलं असतं तर मला त्याला सोडून देता आलं असतं.

"गेल्या वर्षी नवे बूट होते तुझे," तो अंधारातून म्हणाला. "तपकिरी. बरोबर दोघं जण होते, त्यांचे खेळाचे बूट. मी म्हटलं, हा कोण नवा. मग उजवी टाच घासली."

मी म्हणालो, "मी खोटं नाही बोललो, दादा."

"नाहीच. दोन वाजले होते. बंदच होतं." तो उठून बसला असावा, कारण आवाज वर आला. "सतरावं पानही वाचलं मी. वाचनालयात ठेवलाय तो कागद. पानं एकमेकांना चिकटलेली होती, मीच सोडवली."

"मग वर्षभर कुणाला बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

हे त्याने सहज सांगितलं, मशीनचा पट्टा सैल झालाय असं गिऱ्हाइकाला सांगतात तसं. त्यात आरोप असता तर मी उत्तर दिलं असतं. आरोपांची उत्तरं माझ्याकडे तयार असतात, मी ती सभेत बसल्या बसल्या देतो. मी म्हणालो की तुला मी दुसरीकडे जागा बघून देईन, मोठी, उजेडाची. तो म्हणाला की त्याला उजेड लागतो तो वीतभर, आणि तो आज दुपारपर्यंत होता. मग म्हणाला, "चारला उघडतो मी. त्याच्याआधी कुणी विचारलं तर तू काय सांगायचं ते सांग. तू म्हणशील तसं करतो." मी म्हणालो, म्हणजे काय? तो परत फरशीवर आडवा झाला असावा. मी बाहेर पडताना त्याने सवयीने सांगितलं, पायरी आहे, बघून. ती पायरी मी डोळे मिटून उतरू शकतो. मी अडखळलो.

समिती पावणेचारला उतरली. तिघं जण आणि त्यांच्या पुढे-मागे आमचे साहेब लोक. अध्यक्ष उंच, वाकलेले, कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले, आणि दर दहा पावलांवर थांबणारे. बाई पुढे होऊन भविष्यकाळात बोलत होत्या. इथे असेल, तिथे दिसेल, लोक बसतील. पहिल्या बेकरीपाशी सगळे हसले, दुसऱ्या बेकरीपाशी समितीतल्या एकाने चष्मा पुसला, तिसरीपाशी कुणी काही बोललं नाही. मी घड्याळ बघत चाललो होतो. या माणसांना एका गल्लीतून पंधरा मिनिटांत चालत जाता येत नाही आणि ही माणसं गल्ल्यांचं आयुष्य ठरवतात, असं मनात म्हणत होतो. पण ठरवलं त्यांनी नव्हतं, हेही तिथेच कुठेतरी मनात होतं आणि ते मी घड्याळाकडे बघून दाबत होतो. फुलांच्या दुकानासमोर आलो तेव्हा चारला चार मिनिटं होती. अध्यक्ष थांबले. स्टिकर शटरपुरताच होता. वर बाबांच्या वेळची पाटी तशीच होती, दादाने दर दोन वर्षांनी रंगवलेली.

अध्यक्षांनी पाटी मोठ्याने वाचली. मग माझ्याकडे वळून, अगदी घरगुती आवाजात, म्हणाले, "माझ्या आईचं मशीन पडून आहे हो. तीन ठिकाणी नेलं. दुरुस्त करणारं कुणी राहिलंच नाही म्हणतात." त्यांनी परत पाटीकडे पाहिलं. "हे गृहस्थ अजून बसतात का इथे?"

इतकं सोपं करून कुणी मला कधी विचारलं नव्हतं. हो म्हणायचं होतं. बसतात, चार मिनिटं थांबा, एवढंच. पुढचं सगळं आपोआप झालं असतं, आणि त्यांच्या आईच्या मशीनपायी झालं असतं, कुणी मला दोषही दिला नसता. म्हातारा भावनाविवश झाला म्हणाले असते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. स्टिकरची खालची कड पायरीलगत आतून पात्याने कापलेली होती, सरळ, एका रेषेत, दादा कापतो तशी. शटर वीतभर वर होतं. बादल्या आणि पिवळी फुलं जमिनीपासून वर उचलली गेली होती आणि त्यांच्याखाली अंधाराची एक लांब पट्टी होती. तिच्यासमोर आम्हा सगळ्यांचे बूट ओळीने उभे होते, त्यात माझे तपकिरी. मी उजवा पाय उचलून नीट ठेवला, टाच घासू न देता. आजही मला सांगता येणार नाही की मी तसं का केलं.

"नाही हो," मी म्हणालो. "बंदच आहे ते. कधीचं."

गेल्या वर्षी मी खोटं बोललो नव्हतो. या वेळी एक शब्द जास्त लागला. अध्यक्ष म्हणाले, वाटलंच, आणि पुढे निघाले. बाईंनी पुढच्या, शेवटच्या बेकरीकडे हात केला. मी मागे राहिलो, बुटाची नाडी सुटल्यासारखं वाकलो. फटीतून तेलाचा वास येत होता आणि कुणीतरी श्वास घेत होतं. गल्लीच्या टोकाला गाड्यांची दारं लागली, एकापाठोपाठ एक. साहेबांनी लांबूनच अंगठा वर केला. काम फत्ते झालं होतं. कचेरीच्या घड्याळाचे चार ठोके पडले आणि मी शटरकडे बघत उभा राहिलो. आता ते वर जाणार, आणि जाऊ दे, समिती गेली होती, आता काही बिघडत नव्हतं. साठ वर्षांत ते चारला वर गेलं नाही असा दिवस मला आठवत नाही. बाबा गेले त्या आठवड्यातसुद्धा दादाने उघडलं होतं. शटर हललं. ते खाली आलं, सावकाश, आवाज न करता, आणि फट मिटली. पिवळी फुलं परत पायरीला टेकली.

मी पाच मिनिटं थांबलो. मग दहा. मागच्या बोळाने जायचा मला धीर झाला नाही. शेवटी मी गिऱ्हाइकासारखं पुढूनच शटर वाजवलं, कागदावरच्या दाराच्या काचेवर, मूठ होती तिथेच. काउंटरमागची मुलगी हसत होती. मग आतून आवाज आला, शांत, अगदी बाबांसारखा. फक्त बाबा चारला या म्हणायचे.

"बंद आहे," दादा म्हणाला.